ओळंबा, योगा मॅट आणि एक जुनी रायफल

कॉलेजात एनसीसी केलेल्या कुणालाही विचारा, कॅम्पमधलं काय आठवतं? एक तर पुरीभाजीची लाइन आणि दुसरं फायरिंग. पालथं पडायचं, खांद्याला पॉइंट टू-टू रायफल लावायची, मागून उस्ताद हिंदीत ओरडणार आणि पंचवीस यार्डांवरच्या कागदावर पाच गोळ्या. संपलं! त्या पाच गोळ्यांवर आपण पुढची वीस वर्षं गप्पा हाणतो. आमचे उस्ताद एकच शब्द धरून बसलेले असायचे, ग्रुपिंग. गोळी मधोमध लागली नाही तरी चालेल, पण पाचही गोळ्या एका जागी लागल्या पाहिजेत. आम्ही पोरं एकमेकांकडे बघायचो. नेम चुकला तो चुकला. एकत्र चुकला काय आणि विखरून चुकला काय!

हा फंडा क्लिअर झाला तो न्यूझीलंडमध्ये, एका शेतकऱ्याच्या शेडमध्ये.

मी ड्युनेडिनला सॉफ्टवेअरमध्ये आहे. ऑफिसमध्ये माझ्या शेजारच्या डेस्कवर बसणारी जी सहकारी आहे, तिचे वडील तिथून अडीच तासांवर, अलेक्झांड्राच्या बाजूला मेंढ्या पाळतात. सेंट्रल ओटॅगो म्हणतात त्या भागाला. न्यूझीलंड म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर जे हिरवंगार पोस्टर येतं, ते विसरा. इथे उघडेबोडके, पिवळे डोंगर, जागोजागी वर आलेले काळपट खडक आणि जमिनीला चिकटून पसरलेली रानटी थाइम. पाय पडला की वास येतो. पाऊस इतका कमी की आपल्या माणदेशातल्या माणसाला घरच्यासारखं वाटावं.

आणि ससे. म्हणजे जिकडे तिकडे ससे. एकोणिसाव्या शतकात ब्रिटिशांनी खायला आणि शिकारीला म्हणून इथे ससे आणून सोडले. इथे त्यांना खाणारं जनावरच नव्हतं. १८७६ मध्ये ‘रॅबिट न्यूसन्स ॲक्ट’ नावाचा कायदा करायची वेळ आली, यावरून काय ते समजा. मग सशांचा बंदोबस्त करायला १८८०च्या दशकात मुंगसासारखे दिसणारे स्टोट आणि फेरेट आणले. त्यांनी बघितलं, ससा पळतो, पण इथले कित्येक पक्षी उडत नाहीत. त्यांनी आपला मोर्चा पक्ष्यांकडे वळवला! पुढे १९९७ मध्ये सरकारने नाही म्हटलेलं असताना काही शेतकऱ्यांनी सशांना मारणारा विषाणू चोरून आणला आणि स्वयंपाकघरातल्या मिक्सरमध्ये मेलेल्या सशांची अवयवं फिरवून तो शेतात पसरवला. (त्या मिक्सरचं पुढे काय झालं, हे मी इथे कुणाला विचारलेलं नाही.) २०१८ मध्ये त्याच विषाणूचा नवा प्रकार सरकारने स्वतः सोडला. ससे अजून आहेतच. दहा-बारा ससे मिळून एका मेंढीचं गवत खातात, असा इथला हिशोब. वर बिळं खणून डोंगर पोखरतात ते वेगळंच.

हे सगळं मी नाशिकला फोनवर आईला समजावलं. ती सगळं ऐकून म्हणाली, “हो रे, पण ससा तो ससा.” आपल्याकडे १९७२ च्या कायद्याखाली रानातला ससा मारणं गुन्हा आहे आणि ते योग्यच आहे. आपला ससा आपल्या रानातला आहे. इथला बिनबुलाया पाहुणा. आईला हे पटलं नाही, आणि मीही फार ताणलं नाही.

तर माझ्या सहकारीचे वडील. वय पंच्याहत्तर. इथे सगळे एकमेकांना नावाने हाक मारतात, अगदी साहेबालासुद्धा. मला वडिलधाऱ्या माणसाच्या बाबतीत अजून ते जमत नाही. ‘सर’ म्हटलं की हे मागे वळून बघतात, दुसरं कुणी आलंय का म्हणून. त्यामुळे तोंडावर नाव, पण मनात मी त्यांना काका म्हणतो. इथेही काकाच म्हणतो.

काकांकडे त्यांच्या वडिलांची रायफल आहे. चेकोस्लोव्हाकियात बनलेली ब्रनो मॉडेल टू. बोल्ट ॲक्शन, म्हणजे प्रत्येक गोळीला हाताने खटका मागेपुढे करायचा. अक्रोडाचा दस्ता इतक्या वर्षांत हात लागून लागून काळा पडलाय. रोज संध्याकाळी जेवणाआधी काका ती घेऊन मागच्या डोंगरावर जायचे. तासभर चालायचे, दोन-चार ससे मारायचे, परत यायचे. पन्नास वर्षं हेच. आणि त्यांचा एक नियम होता. ससा जागच्या जागी पडला पाहिजे. जखमी ससा बिळात शिरला आणि सापडला नाही, असं ज्या वर्षी दोनदा होईल, त्या वर्षी रायफल कपाटात.

गेल्या उन्हाळ्यात तसं दोनदा झालं. रायफल कपाटात गेली, आणि तिच्याबरोबर संध्याकाळचं चालणंही. मुलगी सांगत होती, बाबा आता पाच वाजल्यापासून टीव्हीपुढे बसतात. सिडनीतला भाऊ फोनवर शेत विकण्याची भाषा करायला लागलाय. एकट्या माणसाला झेपत नाही तर कशाला एवढा पसारा, वगैरे. हे सांगता सांगता तिने कॉफीचा मग खाली ठेवला आणि म्हणाली, “तू शूटिंग क्लबला जातोस ना? शिवाय इंजिनिअर आहेस.”

मी सॉफ्टवेअरवाला इंजिनिअर! माझ्या घरी बल्ब बदलायचा तरी बायको स्टूल धरत नाही, मी धरतो. पण क्लबचं खरं होतं. ऑफिसमधल्या दोघांच्या नादाने मी इथल्या स्मॉलबोअर क्लबमध्ये जायला लागलो होतो. एका हॉलमध्ये, पंचवीस यार्डांवर, पालथं पडून पॉइंट टू-टू. म्हणजे एनसीसीच, फक्त उस्ताद ओरडत नाहीत आणि मध्ये चहा-बिस्किटं मिळतात.

त्यासाठी लायसन्स काढलं ते प्रकरण मजेदार होतं. १५ मार्च २०१९ ला ख्राइस्टचर्चच्या मशिदींमध्ये एका माणसाने ५१ जणांना मारलं. त्यानंतर इथे बऱ्याचशा सेमी-ऑटोमॅटिक बंदुकांवर बंदी आली आणि चौकशी कडक झाली. व्हायलाच हवी होती. घरी येऊन तिजोरी बघतात, तुम्हाला प्रश्न विचारतात आणि मग तुमच्या बायकोशी वेगळं बोलतात. मी अर्धा तास बाहेर गॅलरीत येरझाऱ्या घालत होतो, पहिल्या बाळाच्या वेळी घालतात तशा. नंतर विचारलं, काय सांगितलंस? म्हणाली, “सांगितलं की हा घरातली पाल मारत नाही, मलाच मारावी लागते.” लायसन्स मिळालं.

एप्रिलमधल्या एका शनिवारी आम्ही निघालो. बायकोही आली. मला रायफल, तिला द्राक्षांचे मळे. (सेंट्रल ओटॅगोची पिनो न्वार वाइन जगात नावाजलेली आहे आणि बायकोला ते तोंडपाठ आहे.) रस्त्याकडेच्या पॉप्लरची पानं पिवळीधमक झालेली. घरात शिरल्यावर काकांनी चहा दिला, हवामानावर बोलले, मेंढ्यांच्या भावावर बोलले. रायफलचं नाव नाही. शेवटी मुलगीच म्हणाली, “डॅड, दाखव ना त्याला.”

काकांनी कपाट उघडलं. खालच्या कप्प्यात रायफल, वरच्या कुलूपबंद डब्यात गोळ्या. रायफलवर स्कोप होता! सिडनीच्या मुलाने पंच्याहत्तरीला पाठवलेला. शहरातल्या एका दुकानातून तो बसवूनही घेतला होता. पण त्याने काही फरक पडला नाही. आज इथे लागते, उद्या तिथे. काकांचं मत आधीपासून होतंच, आता पक्कं झालं होतं की स्कोप म्हणजे फसवणूक. त्यांनी ज्या सुरात ते सांगितलं, तो सूर मला चांगला ओळखीचा होता. माझे वडील मोतीबिंदूच्या ऑपरेशननंतर स्कूटर विकताना याच सुरात म्हणाले होते, हल्लीचे रस्तेच खराब झालेत.

रस्ते खराब नव्हते आणि स्कोपही फसवणूक नव्हता. गंमत अशी आहे की साध्या रायफलीवर नेम धरताना डोळ्याला तीन गोष्टी एका रेषेत बघायच्या असतात. जवळची खाच, नळीच्या टोकाचा मणी आणि लांबचं लक्ष्य. डोळा एका वेळी एकाच अंतरावर फोकस होतो. तरुण डोळा भराभर मागेपुढे करून भागवून नेतो. चाळिशीनंतर बुबुळामागचं भिंग कडक व्हायला लागतं, मग जवळचं धूसर होतं. पंच्याहत्तरीला तर खाच म्हणजे नुसता ढग. स्कोपमध्ये फुली आणि लक्ष्य एकाच अंतरावर असल्यासारखी दिसतात. मोठं दिसणं हा बोनस. म्हणजे स्कोप काही नेम धरून देत नाही, चष्म्याचं काम करतो. काका चष्मा लावून पेपर वाचत होते, त्याला कुणी फसवणूक म्हणत नव्हतं! (हे मी मनात म्हटलं. मोठ्याने म्हणायला आधी तो स्कोप नीट चालायला हवा होता.)

आधी बोल्ट काढला, मॅगझिन काढलं, नळीतून आरपार उजेड बघितला. इथली सुरक्षेची पहिलीच शिकवण अशी की कुठलीही बंदूक भरलेली आहे असंच समजून वागायचं. मग शेडच्या मागे, डोंगर पाठीशी येईल असं बघून, पंचवीस मीटरवर एक पुठ्ठा लावला. टेबलावर वाळूच्या पिशव्या, त्यावर रायफल. मी पाच गोळ्या मारल्या. पाचही ताटलीभर पसरल्या.

आता इथे उस्ताद आठवले. गोळ्या एका जागी चुकत असत्या तर स्क्रू फिरवून काम झालं असतं. पण विखरून चुकतात याचा अर्थ काहीतरी हलतंय. माणूस, गोळी किंवा लोखंड. माणूस म्हणजे मी, तर पिशव्यांवर टेकून बसलेलो. गोळ्या त्याच डब्यातल्या. राहिलं लोखंड. मी शिसपेन्सिल घेतली आणि मागच्या रिंगच्या अगदी कडेला, रायफलीवर, एक बारीक रेघ मारली. आणखी दहा गोळ्या. मग काकांना बोलावून भिंग दिलं. रेघ आणि रिंग यांच्यामध्ये अर्ध्या मिलिमीटरची फट पडली होती. स्कोप पुढे सरकत होता! पॉइंट टू-टूला धक्का तो कितीसा, पण रायफल मागे जाते आणि ढिला स्कोप जागेवर राहतो. दर गोळीला एक केसभर.

काका बराच वेळ त्या रेघेकडे बघत राहिले. मग म्हणाले, “म्हणजे मी नव्हतो.” मुलगी पटकन आत चहा टाकायला गेली.

रिंगा सोडवल्यावर सगळा उलगडा झाला. या रायफलच्या पाठीवर ११ मिलिमीटरचे दोन खाचे असतात, त्यांत रिंगेचे जबडे बसायला हवेत. दुकानवाल्याने एक जबडा खाच्यात न घालता कडेवरच टेकवून स्क्रू आवळला होता, गच्च. दुकानाचं नाव सांगत नाही, सांगून काय होणार? शिवाय रिंगा बुटक्या होत्या. ब्रनोचा बोल्ट उघडताना त्याची मूठ सरळ वर येते आणि बुटक्या रिंगेवरच्या स्कोपला घासते. तशी घासल्याची चमकती खूणही होती. ते टाळायला स्कोप पुढे ढकलून बसवला, मग चित्र दिसायला काकांना बदकासारखी मान लांब करावी लागायची. एक चुकीची रिंग आणि तिच्यापायी तीन भानगडी.

अलेक्झांड्रातल्या दुसऱ्या दुकानातून थोड्या उंच रिंगा आणल्या, ११ मिलिमीटरच्या खाच्यासाठीच बनवलेल्या. त्या दुपारी आम्ही तिघांनी मिळून जे केलं ते कुणी बघितलं असतं तर त्याला वाटलं असतं, इथे घड्याळ दुरुस्त चाललंय. खाचे स्पिरिटने पुसले. जबडे बसले की नाही, नखाने चाचपून बघितलं. स्कोप वर ठेवला, पण झाकणं सैल. मग काकांना सांगितलं, डोळे मिटा, रायफल नेहमीसारखी खांद्याला लावा, आता उघडा. पूर्ण गोल चित्र दिसतंय की कडेला काळं? काळं. स्कोप बोटभर मागे. परत डोळे मिटा. असं सात-आठ वेळा. स्कोप नऊपट मोठं दाखवणाऱ्या आकड्यावर ठेवून हे करायचं असतं, कारण तिथे डोळ्याच्या अंतराला सूट सगळ्यात कमी मिळते. आणि डोळे मिटायचे अशासाठी, की उघडे असले तर माणूस चित्र शोधायला मान हलवतो, आणि मग स्कोप माणसाला न बसता माणूसच स्कोपला बसतो.

फुली सरळ आहे का, हे डोळ्यांनी ठरवता येत नाही. प्रत्येकाला आपलं वाकडं सरळच वाटतं. मी विचारलं, तुमच्याकडे दोरीला बांधलेलं वजन आहे का, गवंडी वापरतात तसं? काकांनी खिळ्यावरून पितळी ओळंबा काढला, आजोबांच्या काळचा! पंधरा मीटरवर शेडच्या आढ्याला टांगला. रायफल शिकंजात स्पिरिट लेव्हल लावून सरळ धरली आणि स्कोप फिरवत फिरवत उभी रेघ त्या दोरीवर नेऊन ठेवली. काकांनी विचारलं, तुमच्या भाषेत याला काय म्हणतात? मी सांगितलं. त्यांनी चार वेळा प्रयत्न केला. ‘ओलंबा’पर्यंत आले, ळ काही केल्या जमला नाही.

मग झाकणांचे स्क्रू. एक पूर्ण आवळून दुसऱ्याकडे जायचं नाही. समोरासमोरचे, पाव-पाव फेरा, दोन्ही बाजूंची फट सारखी राहील असे. क्लबमधून मी टॉर्कचा स्क्रूड्रायव्हर मागून आणला होता. पंधरा ते वीस इंच-पाउंड पुरतात. तो नसेल तर अंगठा आणि दोन बोटांनी जेवढा जोर लागतो तेवढाच लावायचा. मनगट वापरलं की स्कोपची नळी चेपते. आपल्याकडे ‘घट्ट’ म्हणजे घाम येईपर्यंत, त्यामुळे हे शिकायला वेळ लागतो.

उंच रिंगांनी एक नवी अडचण आली. गाल दस्त्यावर टेकला की डोळा स्कोपच्या खाली! दस्त्याला उशी हवी. बाजारात मिळते, पण शनिवारची संध्याकाळ. बायको मळ्यांवरून परतली होती, प्रसन्न होती. गाडीच्या डिकीतून तिने माझी योगा मॅट काढली, पट्टी कापली, दस्त्याला दोन पदर गुंडाळले आणि वरून क्रेप बँडेज. “तशीही कोरीच आहे,” म्हणाली. जांभळी उशी लावलेली वडिलांची रायफल बघून काका काहीतरी पुटपुटले. मुलीने भाषांतर करायला नकार दिला.

रविवारी सकाळी वारा नव्हता. आधी बोल्ट काढून नळीतूनच बघितलं. रायफल पिशव्यांवर अशी ठेवायची की नळीच्या गोलात पुठ्ठ्यावरचा काळा ठिपका मधोमध येईल. मग रायफलला धक्का न लावता स्कोपची फुली त्याच ठिपक्यावर आणायची. एकही गोळी न मारता तुम्ही कागदावर येता. आता तीन गोळ्या. तीनही नाण्याएवढ्या जागेत, पण ठिपक्याच्या चार सेंटीमीटर उजवीकडे आणि सहा खाली. मी जाम खूश झालो. काकांना कळेना, चुकलाय तर हसतोय का? त्यांना उस्ताद भेटलेले नव्हते.

स्कोपवरची दोन चाकं क्लिक-क्लिक फिरतात. एक क्लिक शंभर मीटरवर गोळी साधारण सात मिलिमीटर हलवते, पंचवीसवर त्याच्या चौथा हिस्सा, पावणेदोनपेक्षा जरासं जास्त. चार सेंटीमीटरला २२ क्लिक डावीकडे. वर मात्र सहा नाही, सात सेंटीमीटर न्यायचं. ३८ क्लिक.

सात का? गोळी नळीतून निघते आणि नजर जाते तिच्या दीड इंच वरून, स्कोपमधून. नळी अगदी किंचित वर तोंड करून बसवलेली असते. त्यामुळे गोळी नजरेच्या रेषेला खालून छेदून थोडी वर जाते आणि पुढे परत खाली येते, मुलाने गच्चीवर चेंडू फेकावा तशी. पन्नास मीटरवर बरोबर लागायची असेल तर पंचवीसवर ती सेंटीमीटरभर वर लागली पाहिजे. पुठ्ठा पन्नासवर नेला, उजवीकडचे दोन क्लिक उरले होते ते काढले आणि पाच गोळ्या ठिपक्यात बसल्या. मग पंचाहत्तरवर मारून बघितलं. साडेतीन इंच खाली. शंभरवर वीतभर! काकांचा चेहरा बघण्यासारखा झाला. पन्नास वर्षं ते हे अंतर अंदाजाने भरून काढत आले होते.

गोळ्यांचे दोन डबे आणले होते, दोन्ही आवाजापेक्षा कमी वेगाच्या. एका डब्याच्या पाच गोळ्या पन्नासवर दोन सेंटीमीटरमध्ये, दुसऱ्याच्या पाचमध्ये. रायफल तीच, माणूस तोच. प्रत्येक नळीचा स्वतःचा नाद असतो, तो मारून बघितल्याशिवाय कळत नाही. दुसरा डबा काकांनी शेजाऱ्याला देऊन टाकला.

या चिमुकल्या गोळीला कमी लेखू नका. हिच्या बुडाच्या कडेत ठिणगीची दारू भरलेली असते आणि ठोका कडेवरच पडतो, म्हणून हिला रिमफायर म्हणतात. वजन जेमतेम अडीच ग्रॅम. कांबळवाडीच्या स्वप्नील कुसाळेने १ ऑगस्ट २०२४ ला पॅरिस ऑलिंपिकचं ब्राँझ मिळवलं ते हीच गोळी पन्नास मीटरवर मारून. कोल्हापूरच्याच तेजस्विनी सावंतने २०१० मध्ये म्युनिकला याच अंतरावर प्रोनचं जगज्जेतेपद घेतलं. आणि त्या खेळात स्कोपला परवानगीच नाही. दहा गुणांचं वर्तुळ १०.४ मिलिमीटरचं, म्हणजे शर्टाच्या बटणाएवढं. हे काकांना सांगितलं तेव्हा ते म्हणाले, बघ, मी सांगत होतो. मुलगी म्हणाली, “डॅड, ती पोरं पंच्याहत्तरची नाहीत.”

अकराच्या सुमारास पॉप्लरची पानं हलायला लागली. अशा हलक्या आडव्या वाऱ्यातही ही गोळी पन्नास मीटरवर इंचभर सरकते. म्हणून थांबलो. जेवलो. तीनला वारा पडला तेव्हा काका उठले.

त्यांनी घाई केली नाही. टेबलाशी बसले, जांभळ्या उशीवर गाल टेकवला, परत उचलला, चष्मा पुसला. सशाच्या डोक्याचा जो भाग धरायचा असतो तो पाच सेंटीमीटरचा, त्याच मापाचं वर्तुळ मी पुठ्ठ्यावर काढलं होतं. आम्ही तिघं मागे उभे, कुणी बोलेना. बायकोने तर माझा हात धरला होता, जणू बोर्डाचा रिझल्ट लागतोय. पाच गोळ्या मारायला त्यांनी सहा-सात मिनिटं घेतली. प्रत्येक गोळीनंतर बोल्ट तेवढ्याच सावकाश मागे.

पाचही आत. माझ्या ग्रुपपेक्षा मोठा होता, एक तर कडेला शिवून होती. काकांनी पुठ्ठ्यावरचा कागद काढला, चार घड्या घातल्या आणि शर्टाच्या खिशात ठेवला. काही बोलले नाहीत. मग शेडमधून पांढऱ्या रंगाचा डबा घेतला आणि ज्या कुंपणाला टेकून ते नेहमी बसतात तिथून मोजून पन्नास पावलं गेले. एका दगडावर पांढरा पट्टा ओढला. वळून दुसऱ्या दिशेला पन्नास पावलं, दुसरा दगड. पट्ट्याच्या पलीकडचा ससा माझा नाही, म्हणाले.

निघताना मी सांगितलं की स्क्रू महिन्याने एकदा बघा, रिंगेमागची पेन्सिलची रेघ पुसू नका, रेघ आणि रिंगेत फट दिसली तर फोन करा.

दहा-बारा दिवसांनी ऑफिसमध्ये मीटिंग चालू असताना मोबाइल थरथरला. काकांना मेसेज टाइप करायचा कंटाळा, त्यामुळे अक्षरं मोजूनच येतात. चार गोळ्या, चार ससे, असं लिहिलं होतं. खाली आणखी एक ओळ होती. पाचवा दगडाच्या पलीकडे बसला होता, बराच वेळ. सोडून दिला.